पॅक-१२ का मोडली? कॉलेज कॉन्फरन्सच्या टीव्ही करारांच्या वाटाघाटी खरं तर कुठे होतात

पुण्यात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल अशी श्रीमंत शहरं ज्या कॉन्फरन्सच्या टापूत होती, ती अमेरिकन विद्यापीठांच्या संघांची शंभर वर्षांहून जुनी पॅक-१२ कॉन्फरन्स २०२३ मध्ये एका टीव्ही कराराअभावी कशी मोडली? कॉन्फरन्स आणि चॅनेल यांच्या वाटाघाटी चालतात तरी कशा? आणि बीसीसीआयने २०२२ मध्ये आयपीएलचे हक्क ई-लिलावात ४८,३९० कोटी रुपयांना विकले, तसा लिलाव ही अमेरिकन विद्यापीठं का करत नाहीत?

मी अमेरिकेत बरीच वर्षं प्रसारण हक्कांची किंमत ठरवण्याचं काम करतो. आधी चॅनेलच्या बाजूने केलं, आता विद्यापीठांच्या बाजूने करतो. खाली ज्या करारांची नावं येतील त्यांच्या टेबलावर मी नव्हतो. असे करार सहसा पूर्ण जाहीर होत नाहीत, म्हणून त्यांच्या रकमा बातम्यांत आलेल्या आहेत असं धरून चाला. रकमांमागची गणितं मात्र माझ्या रोजच्या कामातली आहेत.

तुमच्या प्रश्नात असं गृहीत धरलंय की कॉन्फरन्स हा एक विक्रेता आहे आणि चॅनेल हा ग्राहक. अडचण नेमकी तिथेच आहे. कॉन्फरन्स म्हणजे दहा-पंधरा स्वतंत्र विद्यापीठांचा गट. प्रत्येकाचा अध्यक्ष वेगळा, विश्वस्त मंडळ वेगळं, काही सरकारी, काही खाजगी. चॅनेलसमोर बसण्याआधी या सगळ्यांनी एकमेकांशी करार करावा लागतो: आम्ही एकत्र राहणार, इतकी वर्षं राहणार, आणि पैसे असे वाटून घेणार. हा आतला करार पक्का असेल तर बाहेरचा होतो. पॅक-१२ मोडली ती आतल्या कराराअभावी. टीव्हीचा करार हातातून गेला तो त्यामुळे.

आधी विकलं काय जातं ते बघू. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचं (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं) प्रसारण एनसीएए ही राष्ट्रीय संस्था ठरवत असे. वर्षात किती सामने दाखवायचे आणि एका संघाने कितीदा टीव्हीवर यायचं, यावर तिचं नियंत्रण होतं. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की ही मक्तेदारीविरोधी कायद्याची पायमल्ली आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक, न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. त्या निकालानंतर घरच्या मैदानावरच्या सामन्याचा हक्क त्या-त्या विद्यापीठाकडे आला. नोटर डेम हे विद्यापीठ १९९१ पासून आपले घरचे सामने एकट्याने एनबीसीला विकतं, ते याच जोरावर. बाकीच्यांच्या नावात एवढं वजन नाही, म्हणून ते हक्क एकत्र करून कॉन्फरन्समार्फत विकतात.

पण एकत्र केलेले हक्क परतही घेता येतात, आणि चॅनेलला भीती असते ती त्याची. दहा वर्षांचे पैसे कबूल करायचे आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यात लोकप्रिय दोन संघ निघून जायचे, असं कोणाला परवडेल? यावर उपाय म्हणून ग्रँट ऑफ राइट्स हा दस्तऐवज आला. त्यात विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे हक्क ठरावीक तारखेपर्यंत कॉन्फरन्सच्या नावावर करून देतं. मधेच विद्यापीठ दुसरीकडे गेलं तरी हक्क जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतात. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढल्यावर शेत सोडून जाणाऱ्याच्या हाती काही राहत नाही, तसं. असं विद्यापीठ नव्या कॉन्फरन्सला जवळजवळ निरुपयोगी ठरतं, कारण ते सोबत विकण्यासारखं काही आणत नाही.

कोणी मला एखाद्या कॉन्फरन्सचं भवितव्य विचारलं की मी आधी या दस्तऐवजाची शेवटची तारीख बघतो. पॅक-१२ ची तारीख २०२४ च्या उन्हाळ्यात, टीव्ही करारासोबतच संपत होती. म्हणजे २०२२ मध्ये ती नव्या करारासाठी चॅनेलकडे गेली, तेव्हा २०२४ नंतरसाठी तिच्याशी बांधलेलं एकही विद्यापीठ नव्हतं.

आता चॅनेलची बाजू. शहराची लोकसंख्या हा निकष एके काळी खरंच महत्त्वाचा होता. केबलच्या काळात कॉन्फरन्सचं स्वतःचं चॅनेल त्या राज्यातल्या प्रत्येक केबल ग्राहकाच्या बिलात घुसवता येत असे, मग तो ग्राहक सामना बघो की न बघो. २०१४ मध्ये बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने मेरीलँड आणि रटगर्स या विद्यापीठांना घेतलं ते मुख्यतः यासाठी. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या परिसरातले केबल ग्राहक त्यामुळे हिशेबात आले. पुढे लोक केबल सोडू लागले आणि हे गणित बदललं. आता चॅनेल विचारतं, असे किती सामने आहेत जे बघण्यासाठी देशभरातून चाळीस लाखांच्या वर लोक बसतील? असे सामने मोजकेच संघ देतात. लॉस एंजेलिसमध्ये लोक कितीही असोत, साउदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए हे दोन संघ ३० जून २०२२ ला बिग टेनमध्ये जाण्याचं जाहीर करून मोकळे झाले. त्या दिवसापासून ते शहर पॅक-१२ च्या यादीतून गेलं.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेत १९६१ च्या प्रसारण कायद्याने व्यावसायिक फुटबॉल लीगला हंगामाच्या मोठ्या भागात शनिवारपासून दूर ठेवलंय, त्यामुळे शरद ऋतूतला शनिवार कॉलेजचा. पण शनिवारी मोठ्या विंडो, म्हणजे प्रसारणाच्या वेळा, तीनच: पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी १२, दुपारी ३:३० आणि रात्रीची. चौथी विंडो रात्री दहा-साडेदहानंतरची, जी पश्चिमेकडचे संघच भरू शकतात आणि जेव्हा पूर्वेकडचा प्रेक्षक झोपायला निघालेला असतो. देशव्यापी चॅनेलच्या संख्येला या विंडोंनी गुणलं की एकूण जागा किती थोड्या आहेत ते दिसतं. पैसे छापता येतात, शनिवार वाढवता येत नाही. माझ्या कामात रकमेपेक्षा जास्त तास या जागांच्या हिशेबावर जातात.

लिलावाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. आयपीएलचे सामने हंगामात जवळपास रोज एकामागून एक होतात. प्रत्येकाला स्वतःची वेळ असते आणि विकणारी संस्था एकच असते. तिथे गठ्ठे करून बोली लावणं सोपं. इथे एका कॉन्फरन्सचे सहा-सात सामने एकाच शनिवारी असतात, आणि त्यातला कोणता सामना कोणत्या चॅनेलवर कोणत्या वेळी जाणार हे हंगाम सुरू झाल्यावर, बहुधा बारा किंवा सहा दिवस आधी ठरतं. म्हणून वाटाघाटीत पहिली निवड कोणाची, दुसरी कोणाची, कोणत्या आठवड्यात क्रम उलटा होणार, यावर खरी झुंज असते. वर्षभर पहिली निवड मिळणाऱ्याने दिलेली रक्कम आणि चार आठवड्यांपुरती मिळणाऱ्याने दिलेली रक्कम, यांची तुलना लिलावाच्या एका आकड्यात होत नाही. शिवाय चालू करारातल्या चॅनेलला ठरावीक काळापुरता एकट्याने बोलणी करण्याचा हक्क असतो. तो काळ संपेपर्यंत दुसऱ्याशी बोलताच येत नाही.

बिग टेनने २०२२ च्या ऑगस्टमध्ये जो करार केला तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. सात वर्षं, ७०० कोटी डॉलरच्या वर, आणि तीन भागीदार: दुपारी १२ ला फॉक्स, ३:३० ला सीबीएस, रात्री एनबीसी. तिन्ही विंडो मोफत दिसणाऱ्या देशव्यापी चॅनेलवर, एकाच कॉन्फरन्सच्या हातात. हे जमलं कारण सीबीएसच्या ३:३० च्या जागेवरून साउथईस्टर्न कॉन्फरन्स जाणार हे २०२० मध्येच ठरलं होतं. सीबीएस त्यांच्या सर्वोत्तम सामन्यासाठी वर्षाला सुमारे ५.५ कोटी डॉलर देत होतं, तोच गठ्ठा ईएसपीएन या क्रीडा चॅनेलने सुमारे ३० कोटींना घेतला. एका चॅनेलची रिकामी झालेली जागा दुसऱ्या कॉन्फरन्सच्या कामी आली. बाजारात किती चॅनेलना खरोखर भूक आहे, हे असं दुसऱ्यांच्या करारांवरून कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पॅक-१२ आणि बिग १२ ही आणखी एक कॉन्फरन्स, यांच्यातल्या शर्यतीकडे. इथे मी जरा थांबणार आहे.

साउदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए गेल्यावर काही दिवसांतच पॅक-१२ ने ईएसपीएन आणि फॉक्सशी बोलणी सुरू केली. तिचा करार २०२४ ला संपत होता. बिग १२ चा २०२५ ला, म्हणजे रांगेत ती मागे होती, आणि तिची बोलण्याची अधिकृत वेळ २०२४ च्या सुरुवातीला येणार होती. तिचेही सर्वात मोठे दोन संघ, टेक्सास आणि ओक्लाहोमा, साउथईस्टर्नकडे निघालेले होते. दोघींचं दुखणं सारखंच होतं. पण बिग १२ चे नवे आयुक्त ब्रेट यॉरमार्क ऑगस्ट २०२२ मध्ये कामावर आले आणि महिनाअखेर त्यांनी चॅनेलना विनंती करून बोलणी मुदतीआधी उघडून घेतली. ऑक्टोबरच्या शेवटी करार झालासुद्धा: ईएसपीएन आणि फॉक्स, सहा वर्षं, २२८ कोटी डॉलर, सरासरी प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला ३.१७ कोटी.

ही रक्कम बिग टेनच्या निम्मीही नव्हती, आणि त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. मला तो करार पहिल्या दिवसापासून हुशारीचा वाटला. त्यांनी आपल्या मोठेपणाची किंमत मागितली नाही, शिल्लक असलेल्या जागांची मागितली. ईएसपीएन आणि फॉक्सकडे बिग टेन, साउथईस्टर्न आणि अटलांटिक कोस्ट या कॉन्फरन्सनंतर जे स्लॉट आणि जो पैसा उरला होता, त्याचा मोठा भाग या एका सहीने संपला. शिवाय करारात अशी सोय होती की बरोबरीच्या मोठ्या कॉन्फरन्समधून नवा सदस्य आला तर चॅनेल त्याच्यासाठी त्याच दराने रक्कम वाढवेल. म्हणजे पॅक-१२ मधून येणाऱ्या कोणालाही यॉरमार्क ठरलेला आकडा दाखवू शकत होते. आणि पॅक-१२ चे आयुक्त जॉर्ज क्लिआवकॉफ आपल्या सदस्यांना थोडं थांबा एवढंच सांगू शकत होते.

नंतर बातम्यांत आलं की ईएसपीएनने सुरुवातीला प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते आणि पॅक-१२ कडून ५ कोटींची मागणी गेली. मोठ्या मागणीत मला गैर काही वाटत नाही, वाटाघाटीची सुरुवात अशीच होते. पण उलट मागणी करताना दुसरा ग्राहक दारात उभा असावा लागतो. इथे तो नव्हता, आणि विद्यापीठांना थांबवून ठेवणारा दस्तऐवजही नव्हता. प्रत्येक महिना उलटला तशी सदस्यांची घालमेल वाढली.

शेवटी २०२३ च्या उन्हाळ्यात ॲपलचा प्रस्ताव आला. मूळ रक्कम विद्यापीठामागे साधारण २.५ कोटी डॉलरच्या आसपास, आणि त्यावरची वाढ किती लोक सबस्क्रिप्शन घेतात यावर. यात जोखीम चॅनेलकडून विद्यापीठाकडे सरकते. आणि जवळपास सगळे सामने स्ट्रीमिंगवर गेले असते. एखाद्या अध्यक्षाला आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि भरती करायच्या खेळाडूंना सांगावं लागलं असतं की आम्हाला बघायला वेगळे पैसे भरा. २७ जुलैला कोलोरॅडो बिग १२ कडे गेलं. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेले सदस्य ग्रँट ऑफ राइट्सवर सही करतील अशी अपेक्षा होती. त्याच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे निघाले, आणि त्यांच्यामागे ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्टमध्ये गेले, जिचं नाव अटलांटिक किनाऱ्यावरून आहे. राहिले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट, दोघंच.

जुनी एक गोष्टही यात होती. २०११ मध्ये पॅक-१२ ने ईएसपीएन आणि फॉक्सशी १२ वर्षांचा ३०० कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तो विक्रमी होता. २०१२ मध्ये तिने स्वतःचं चॅनेलही काढलं आणि त्याची शंभर टक्के मालकी स्वतःकडे ठेवली. बिग टेनने २००७ मध्ये आपलं चॅनेल फॉक्ससोबत भागीदारीत काढलं होतं, साउथईस्टर्नने २०१४ मध्ये ईएसपीएनसोबत. भागीदार असला की तो केबल कंपनीला सांगू शकतो: माझं मोठं चॅनेल हवं असेल तर हेही घ्या. पॅक-१२ कडे असं सांगणारं कोणी नव्हतं, आणि डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर तिचं चॅनेल शेवटपर्यंत आलं नाही. पूर्ण मालकी ऐकायला सुरेख वाटते, पण वितरण दुसऱ्याच्या हातात असेल तर तिचा उपयोग तेवढाच. माझ्याकडे कोणी स्वतःच्या चॅनेलची कल्पना घेऊन आलं की मी पहिलं विचारतो, ते कोणाच्या गठ्ठ्यात जाणार आहे?

मग करार लांब करावा की छोटा? हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि यावर एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कमकुवत बाजूला लांब मुदत आधार देते, बलवान बाजूला ती बेडी होते. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने ईएसपीएनशी २०३६ पर्यंतचं नातं बांधलं आणि ग्रँट ऑफ राइट्सही तिथपर्यंत नेलं. त्यामुळे पॅक-१२ सारखी फूट पडली नाही. पण दर मागे पडत गेला तसे फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कोर्टात गेले. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. पैशांचा मोठा भाग आता प्रेक्षकसंख्येनुसार वाटला जाणार, आणि बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक उतरत २०३० च्या सुमाराला ७.५ कोटी डॉलरवर येणार. म्हणजे आतला करार पुन्हा लिहावा लागला.

वाटणी हा मुद्दा सभेत बोलायला सगळ्यांना अवघड जातो, म्हणून तो टाळला जातो. समान वाटणीने एकोपा राहतो असं म्हणतात, आणि ज्यांच्यात फार अंतर नाही तिथे ते खरं आहे. पण टेक्ससने २०११ मध्ये ईएसपीएनसोबत २० वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचं स्वतःचं चॅनेल काढलं, आणि बिग १२ मधल्या शेजाऱ्यांच्या मनात जी अढी बसली ती टेक्सस ए अँड एम साउथईस्टर्नकडे जाण्यामागच्या कारणांपैकी एक ठरली. उलट टोकाला डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने मोठ्या कॉन्फरन्समध्ये शिरण्यासाठी नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडायची तयारी दाखवली. दोन्हीकडून हेच दिसतं की वाटणीची चर्चा चॅनेलकडे जाण्याआधी, बंद खोलीत आणि आकडे मांडून झाली पाहिजे. ती पुढे ढकलली तर ती चर्चा मग वर्तमानपत्रांतून होते.

एक खर्च मात्र या मूल्यमापनाच्या तक्त्यात येत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे करार फुटबॉलच्या जोरावर होतात. पण लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला, सुमारे ४,००० किलोमीटर, व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलीही जातात, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी, आणि परत येऊन परीक्षेला बसतात. फुटबॉल संघ हंगामात काही मोजके शनिवार बाहेर असतो, या मुली कितीतरी जास्त. मी जिथे सल्ला देतो तिथे प्रवासाचा तक्ता पहिल्या बैठकीतच मांडायला सांगतो: किती रात्री बाहेर, किती तास बुडणार, त्याला किती पैसे लागणार. २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा आहे, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे टीव्हीच्या पैशाची ओढ आणखी वाढणार आहे. म्हणूनच हा तक्ता करारानंतर काढण्यात अर्थ नाही.

तुम्हाला अभ्यासासाठी एक जिवंत उदाहरण हवं असेल तर त्या मागे राहिलेल्या दोघांकडे बघा. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी या वेळी आधी माणसं जमवली. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि गोन्झागा यांनी २०२६ पासून येण्याचं पक्कं केलं. त्यानंतर जून २०२५ मध्ये सीबीएसशी २०३१ पर्यंतचा करार जाहीर झाला आणि टेक्सस स्टेट आलं. रक्कम जुन्या पॅक-१२ च्या जवळपासही नसेल. पण तुमच्या प्रबंधात दोन तक्ते शेजारी मांडा: २०२२-२३ मध्ये काय कोणत्या क्रमाने घडलं, आणि २०२४-२५ मध्ये कोणत्या. मग तिसऱ्या रकान्यात बिग टेनचा २०३० ला आणि बिग १२ चा २०३१ ला संपणारा करार लिहा, आणि त्या वेळी कोणत्या चॅनेलचा कोणता शनिवार रिकामा असेल ते शोधायला लागा.